हुशार पोराला अकरावी जड का जाते?

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमध्ये दहावीला नव्वदीच्या पुढे टक्के पडले की घरात जेईईचाच विषय निघतो. तेच पोर अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये घसरलं की लोक म्हणतात, याची हुशारी दहावीपुरतीच होती. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

एनसीईआरटीची अकरावीची दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडा. फिजिक्सच्या दुसऱ्याच प्रकरणात वेग समजावताना डेरिव्हेटिव्ह वापरलं आहे, आणि गणितात ते शिकवायला बारावं प्रकरण उजाडतं. शिवाय अशा मुलाला आजवर एकदा ऐकलं की समजत आलेलं असतं. न सुटणाऱ्या गणितापुढे तासभर बसायची वेळ त्याच्यावर आलेलीच नसते, ती पहिल्यांदा येते अकरावीत. बुद्धी आहे तिथेच आहे. चिकाटीने बसायची सवय तेवढी नाही, आणि ती लावता येते.

यावर घरोघरी निघणारा उपाय म्हणजे नववीतच अकरावी-बारावीचा पोर्शन उरकणं. प्रगत अभ्यास म्हणजे पुढच्या इयत्तेचं पुस्तक, ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. आपल्या देशातल्या गणित ऑलिंपियाडच्या अभ्यासक्रमात कॅल्क्युलस नाही. तरी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 2 दिवसांत फक्त 6 गणितं असतात आणि रोज साडेचार तास मिळतात. त्या वळणाचं एक सोपं गणित बघा: 1 ते 10 मधल्या कोणत्याही सहा संख्या घ्या, त्यांत 11 बेरीज होणारी एक जोडी सापडणारच. का? 1-10, 2-9, 3-8, 4-7, 5-6 अशा जोड्या पाचच आहेत. सहावी संख्या घेतली की एखादी जोडी पूर्ण होणारच. सातवीच्या मुलालाही हे कळतं, पण स्वतःहून सुचायला वेळ लागतो. तो वेळ त्याला मिळू द्या, लगेच उत्तर सांगू नका.

वयाच्या पुढचं शिकवलं तर मुलं कोमेजतात, अशीही भीती असते. अमेरिकेत ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या अनेकांचा मागोवा पुढे पन्नाशीपर्यंत घेतला गेला; लवकर पुढे गेल्यामुळे मनःस्वास्थ्य बिघडल्याचं त्यात दिसलं नाही. मात्र गणितात पुढे असलेलं पोर केमिस्ट्रीत किंवा भाषेत साधारण असू शकतं. ज्या विषयात त्याची धाव आहे, त्याच विषयात त्याला पुढे जाऊ द्यावं. बाकीचे विषय वर्गाबरोबर चालले तरी काही बिघडत नाही.