गाळात अडकणारे युरेनियम

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम असते. कार्बोनेटशी जोडी जमल्याने ते विरघळलेलेच राहते. पाण्यातला त्याचा मुक्काम काही लाख वर्षांचा! चित्र बदलते ते किनाऱ्यालगतच्या गाळात. तिथे सेंद्रिय पदार्थ कुजताना प्राणवायू संपतो, लोह आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सहा संयुजेचे युरेनियम चार संयुजेचे होऊन कणांना चिकटते. म्हणजे ते बहुतांशी वरून पडत नाही, तर तळाजवळच्या पाण्यातून गाळात शिरते. काळ्या समुद्राच्या प्राणवायूहीन तळाशी असा साठा ठळक आढळतो. मात्र वादळाने किंवा बिळे करणाऱ्या किड्यांनी गाळ ढवळला, की प्राणवायू आत पोहोचतो आणि बरेचसे युरेनियम पुन्हा पाण्यात जाते. प्राचीन समुद्रांतल्या प्राणवायूचा अंदाज गाळातल्या युरेनियमवरून बांधणारे भूवैज्ञानिक म्हणूनच जरा जपून बोलतात.