रिंग वाजते, पण फोन नसतो

1978च्या जानेवारीत शिकागो शहर बर्फाखाली गाडलं गेलं. घरी अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी मित्र रँडी सूस यांच्यासोबत एक नवा सूचनाफलक उभारायला घेतला. फोन लावायचा, संगणकावरचे निरोप वाचायचे, आपला लिहून ठेवायचा. 16 फेब्रुवारीला ‘सीबीबीएस’ सुरू झालं. डायल-अप बुलेटिन बोर्डांची ही सुरुवात. सेकंदाला 300 बिट वेगाने जेमतेम 30 अक्षरं येत. 80 अक्षरांच्या 25 ओळींनी पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ लागे.

असे बोर्ड आज इंटरनेटवर कसे आणतात? जुन्या संगणकाला मॉडेमचीच, म्हणजे त्याला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्राचीच, भाषा कळते. ‘एटीडीटी’ म्हणजे नंबर फिरव, ‘एटीए’ म्हणजे फोन उचल. म्हणून त्याच्या सिरियल पोर्टला वाय-फायचं छोटं सर्किट जोडतात आणि ते मॉडेमचं सोंग घेतं. बाहेरून कुणी टेलनेटने, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या पद्धतीने, आलं, की ते ‘रिंग’ असं कळवतं. संगणक ‘एटीए’ म्हणतो, ‘कनेक्ट’ असं उत्तर मिळतं आणि बोर्ड उघडतो. त्याच्या लेखी फोनच आलेला असतो!

खरी मेख फाइल पाठवताना कळते. टेलनेटमध्ये 255 या बाइटचा अर्थ ‘पुढे आज्ञा आहे’. फाइलमध्ये तोच बाइट आला, की गोंधळ होतो. म्हणून तो दोनदा पाठवतात आणि पलीकडची बाजू त्यातला एकच ठेवते.

जुनं यंत्र चालतं राहिलं, तरच ते खऱ्या अर्थाने जपलं जातं. त्यासाठी त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावं लागतं.