‘कोनाचा व्हय?’च्या पुढचा प्रश्न

दिवाळीच्या तोंडावर वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी पाहावा. ओलावा 12 टक्क्यांच्या वर दाखवून व्यापारी भाव पाडायला लागला, की हा मूठभर दाणे उचलतो, एक दाताखाली फोडतो आणि भांडतो. त्याच पट्टीतले लाखभर रुपये आठवड्याने गुंतवणुकीच्या ‘सल्लागारा’च्या हाती देताना मात्र त्याची चौकशी एकच असते: कोनाचा व्हय?

ही चौकशी अगदीच वाया जात नाही. घर कळतं, उधारी-उसनवारी कळते. पण जमिनीच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल ऊर्फ ‘पर्ल्स’च्या पावत्या फाडणारेही गावातलेच, सोयरेधायरे होते. कित्येकांचे स्वतःचेही पैसे त्यात बुडाले. त्या कंपनीने 49,100 कोटी रुपये परत करावेत, असा आदेश भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 22 ऑगस्ट 2014 रोजी दिला. परतफेडीसाठी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून न्यायमूर्ती लोढा समिती नेमावी लागली. ओळख खरी होती, कंपनी खोटी निघाली.

म्हणून सोयरीक काढून झाली की नोंदणी क्रमांक मागावा. तो ‘आयएनए’ने सुरू होत असेल, तर समोरचा सेबीच्या 2013 च्या नियमांखालचा गुंतवणूक सल्लागार, त्याची फी तुम्ही देता. ‘एआरएन’ असेल तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक. त्याचं कमिशन फंड कंपनी देते. वितरक असण्यात गैर काही नाही. पण 2020 च्या दुरुस्तीनंतर त्याला सल्लागाराच्या नोंदणीशिवाय ‘वेल्थ अॅडव्हायझर’ म्हणवून घेता येत नाही. कार्डावर तसं छापलेलं दिसलं तर तिथेच थबकावं.

‘काका, तुमच्याकडून एक रुपया घेत नाही’ हे वाक्य फार गोड लागतं. कमिशन फंडाच्या खर्चातून, म्हणजे शेवटी काकांच्याच पैशातून जातं. त्याच फंडाची थेट योजना 2013 पासून मिळते, तिचा खर्च कमी असतो. ठरावीक परताव्याची हमी तर नोंदणीकृत सल्लागाराला देताच येत नाही.

क्रमांक काय, कुणीही छापून घेईल. आयएनए क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत टाकून नाव-पत्ता जुळतो का बघावं. एआरएनची पडताळणी म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ‘अ‍ॅम्फी’च्या संकेतस्थळावर होते, मुदत संपलेली असेल तर तीही दिसते. सेबीच्या आदेशांतही ते नाव शोधावं. नातवाला फोन घेऊन बसवलं, तर चहा निवायच्या आत एवढं होतं.