ए-टू दुधाचे जादा पैसे नेमके कशाचे?

दुधाला उकळी आली की आच मंद करून लिंबू पिळायचं. मिनिटभरात पांढऱ्या गुठळ्या एकीकडे आणि हिरवट-पिवळी निवळी दुसरीकडे. पनीर करताना रोज दिसणारी ही फारकत म्हणजे दुधातल्या प्रथिनांची ढोबळ विभागणीच. गुठळ्यांत मुख्यतः केसिन असतं. व्हे प्रथिनांपैकी काही निवळीत उरतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे.

जठरातही असंच घडतं. तिथल्या आम्लानं आणि पेप्सिननं केसिनचं दही होतं, ते सावकाश पचतं आणि अमिनो आम्लं काही तास रक्तात येत राहतात. व्हे मात्र पातळच राहून झटपट पुढे सरकतं. आईच्या दुधात व्हेचं प्रमाण केसिनपेक्षा जास्त असल्यामुळे तान्ह्या बाळाच्या पोटात त्याच्या मऊ, बारीक गुठळ्या होतात.

एवढ्यावर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो केसिनच्याच एका घटकावरून, बीटा केसिनवरून. ही २०९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात ६७व्या जागी प्रोलिन असेल तर ती ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. पचताना ए-वनची साखळी त्या जागी सहज तुटते आणि बीसीएम-७ नावाचा सात अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. शरीरात अफूजन्य द्रव्यं जिथं चिकटतात तिथंच हाही चिकटू शकतो. त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते, असा तर्क आहे.

संशयाची सुरुवात न्यूझीलंडमध्ये झाली. सामोआत राहणाऱ्या मुलांपेक्षा न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांत टाइप-१ मधुमेह जास्त का, हा प्रश्न १९९०च्या दशकात ऑकलंडचे डॉ. बॉब एलियट यांना पडला आणि शोध दुधापर्यंत गेला. २००० साली ए-टू दूध विकणारी कंपनी तिथेच उभी राहिली. २००७ मध्ये कीथ वुडफर्ड यांच्या ‘डेव्हिल इन द मिल्क’ या पुस्तकानं खळबळ माजवली. पण २००९ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा बीसीएम-७ आणि मधुमेह, हृदयरोग यांसारख्या आजारांत कार्यकारणाचा संबंध सिद्ध होत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

पोटाच्या तक्रारींबाबत चित्र थोडं वेगळं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका अभ्यासात, दूध सोसत नाही असं सांगणाऱ्या ४५ जणांना दोन्ही प्रकारचं दूध आळीपाळीनं देण्यात आलं. निव्वळ ए-टू दुधावर त्यांचा त्रास कमी भरला. निष्कर्ष दखल घेण्याजोगा आहे. मात्र माणसं थोडी होती आणि खर्च ए-टू विकणाऱ्या कंपनीनं उचलला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या बहुतेकांचा खरा त्रास लॅक्टोज या साखरेचा असतो, आणि ती ए-टू दुधातही तेवढीच असते. अशांना दही बहुधा सोसतं, कारण विरजणातले जीवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात.

पुण्या-मुंबईत देशी गाईचं ए-टू दूध पिशवीच्या दुधापेक्षा कितीतरी चढ्या भावानं घरपोच येतं. खिल्लार, डांगी, देवणी या गाईंचं संगोपन होतंय, ही आनंदाचीच गोष्ट आहे. भारतीय गाईंत ए-टू जनुकाचंच प्राबल्य आहे, हे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अभ्यासातून दिसलं. पण म्हशीचं दूधही ए-टूच असतं! म्हशीचं दूध घेणाऱ्यांना ते आजवर वेगळी किंमत न मोजता मिळत आलं आहे. विदेशी गाय म्हणजे ए-वनच, हाही गैरसमज. न्यूझीलंडमधलं ए-टू दूध तपासणी करून निवडलेल्या युरोपीय वंशाच्या गाईंचंच असतं.

तुपावरचं ‘ए-टू’ मात्र निरर्थक आहे. फरक प्रथिनाचा आणि तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं २१ ऑगस्ट २०२४ रोजी ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. ग्राहकाच्या दृष्टीनं हे चांगलं झालं नाही.

सर्वांत काळजी हवी ती दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या बाळांची. अंगावर गांधी उठणं, वारंवार उलट्या, शौचात रक्त ही तिची लक्षणं असू शकतात. ए-टू दुधानं ती टळत नाही. शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिनंही इतकी मिळतीजुळती असतात की तोच त्रास होऊ शकतो. अशा वेळी दूध बदलून पाहण्यात दिवस घालवू नका, बाळाला थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या.