सापाचं पिल्लू आणि ऊब

साप शरीराची ऊब बाहेरून घेतो. म्हणून बॉल पायथनसारख्या पाळीव पिल्लाच्या पेटीत एक टोक साधारण ३१ ते ३३ अंशांचं आणि दुसरं २५ ते २७ अंशांचं ठेवतात; ऊन-गार काय हवं ते साप स्वतः निवडतो. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोटाची कातडी भाजते. ही जात आफ्रिकेतली. ती पाळायची तर केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

शहापूर-मुरबाडच्या भातखाचरात किंवा पेंढ्याखाली सापडलेलं पिल्लू मात्र पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. त्याहून मोठा धोका ओळखीतल्या चुकीचा. अजगराचं समजून घोणशीचं पिल्लू हातात घेतलं जातं. घोणशीच्या पाठीवर गोलसर ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळी ओवल्यासारख्या. अजगराचे डाग मोठे आणि वेडेवाकडे. घोणशीचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं, त्यामुळे ठिपके मोजायला जवळ जाऊ नका. खोक्यात घालून वर बल्ब लावण्याचीही गरज नाही. मुलांना, कुत्र्यांना दूर ठेवा, लांबून नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.