लष्करी लघुशस्त्र खरेदी करारांचा वास्तविक खर्च

लष्करी लघुशस्त्र खरेदी करारांचा वास्तविक खर्च म्हणजे रायफल, पिस्तूल, कार्बाईन यांसारखी एकट्या सैनिकाला वाहून नेता येणारी शस्त्रे सैन्यात दाखल करणे, ती कार्यक्षम राखणे आणि अखेरीस सेवेतून काढणे यांसाठी येणारा एकूण खर्च होय. करारात नमूद केलेली रक्कम हा त्याचा केवळ एक भाग असतो. दारूगोळा, सुटे भाग, दुर्बिणी, प्रशिक्षण, दुरुस्ती आणि विलंब यांचा भार बहुधा निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला राहतो.

भागाकाराची मर्यादा

कराराच्या रकमेला शस्त्रांच्या संख्येने भागून ‘एका रायफलीची किंमत’ सांगण्याचा प्रघात वृत्तपत्रांत आहे. भारताने फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील सिग सावर कंपनीकडून ७२,४०० सिग ७१६ रायफली सुमारे ७०० कोटी रुपयांना घेतल्या. हा दर रायफलीमागे सुमारे ९७ हजार रुपये पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा ५,००० कोटींहून अधिक रकमेचा करार झाला, त्याचा दर सुमारे ८३ हजार येतो. यावरून दुसरी रायफल स्वस्त ठरते, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पहिला व्यवहार तातडीच्या गरजेपोटी केलेल्या तयार आयातीचा होता, तर दुसऱ्यात रशियाकडून तंत्रज्ञान हस्तांतर आणि उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे होणारे उत्पादन यांचा समावेश आहे. एकात वस्तू विकत घेतली, तर दुसऱ्यात वस्तू बनविण्याची क्षमताही.

शिवाय या दोन्ही रायफलींची काडतुसे वेगळी आहेत. सिग ७१६ साठी ७.६२ × ५१ मिलिमीटर, एके-२०३ साठी ७.६२ × ३९ मिलिमीटर आणि जुन्या इन्सास रायफलीसाठी ५.५६ × ४५ मिलिमीटर काडतूस लागते. ‘७.६२’ हा आकडा समान असल्याने पहिली दोन काडतुसे एकमेकांच्या जागी चालतील असा समज होतो. तो चुकीचा आहे. तीन प्रकारचा दारूगोळा निर्माण करणे, साठविणे आणि सीमेवरील चौक्यांपर्यंत पोहोचविणे हा खर्च रायफलीच्या करारात दिसत नाही. ५१ मिलिमीटर काडतुसाचे वजन ५.५६ च्या काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणजेच तेवढ्याच ओझ्यात सैनिकाला निम्म्याच गोळ्या नेता येतात.

कमाल मर्यादा आणि मूल्यांकित किंमत

अमेरिकी सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये नव्या पिस्तुलासाठी सिग सावरची निवड केली, तेव्हा ५८ कोटी डॉलर हा आकडा प्रसिद्ध झाला. ही रक्कम म्हणजे दिलेली किंमत नव्हे; ती कराराची कमाल मर्यादा होती. प्रतिस्पर्धी ग्लॉक कंपनीने निवडीला आव्हान दिल्यानंतर, जून २०१७ मध्ये ते फेटाळणाऱ्या निर्णयातून खरी तुलना उघड झाली. सिगची एकूण मूल्यांकित किंमत १६.९५ कोटी, तर ग्लॉकची २७.२२ कोटी डॉलर होती. एकाच व्यवहाराचे असे निरनिराळे आकडे उपलब्ध असताना वाचकाने प्रथम हा आकडा कशाचा, हे पाहणे आवश्यक ठरते.

काही वेळा मुख्य वस्तूपेक्षा जोडवस्तूचाच खर्च लक्ष वेधून घेतो. अमेरिकी सैन्याच्या नव्या पिढीच्या रायफलीवर बसणाऱ्या दुर्बिणीसाठी जानेवारी २०२२ मध्ये व्होर्टेक्स कंपनीशी करार झाला. कमाल अडीच लाख संच, मर्यादा २७० कोटी डॉलर. म्हणजे पूर्ण मर्यादा वापरल्यास संचामागे सुमारे १०,८०० डॉलर.

दोषदुरुस्तीचा खर्च

ब्रिटनची एसए८० रायफल १९८५ पासून सैन्यात आली. १९९१ च्या आखाती युद्धात वाळू आणि धुळीत ती अडकत असल्याच्या तक्रारी गाजल्या. पुढे सुमारे दोन लाख शस्त्रांमध्ये हेकलर अँड कॉख कंपनीकडून सुधारणा करून घ्याव्या लागल्या; त्यासाठी सुमारे ९.२ कोटी पौंड खर्च झाले. मूळ खरेदीच्या वेळी वाचविलेला चाचणीचा वेळ असा नंतर पैशांत मोजावा लागतो. तोपर्यंत अविश्वसनीय शस्त्र हाती घेऊन लढलेल्यांनी जे सोसले, त्याची नोंद मात्र कोणत्याही लेखापरीक्षणात होत नाही.

विलंबाचा खर्च

पुण्यातील आयुध संशोधन व विकास आस्थापनेने विकसित केलेल्या इन्सास रायफलीविषयी १९९९ च्या कारगिल युद्धात, थंडीने मॅगझिनला तडे जाण्यासारख्या तक्रारी झाल्या. तिला पर्याय म्हणून २०११ मध्ये काढलेली बहु-कॅलिबर रायफलींची निविदा २०१५ मध्ये रद्द झाली. कोरवा प्रकल्पाचे उद्घाटन मार्च २०१९ मध्ये झाले. प्रत्यक्ष खरेदी करार होण्यास मात्र आणखी पावणेतीन वर्षे लागली आणि त्यातील बराच काळ किमतीच्या वाटाघाटींत गेला.

कार्बाईनची कथा याहून लांबली. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील काराकाल कंपनीची ९३,८९५ कार्बाईनसाठी निवड झाली होती. ती खरेदी २०२० मध्ये गुंडाळण्यात आली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सुमारे सव्वाचार लाख कार्बाईनचे करार भारतीय कंपन्यांशी झाले. त्यांतील मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीला मिळाला आहे. दरम्यान सैन्याला जुनीच ९ मिलिमीटर कार्बाईन वापरत राहावी लागली.