शिडाची बोट उन्हाळ्यातच का दुरुस्त करतात? खानदेशातल्या उदाहरणांतून समजून घ्या

भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची बोट 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्यातून निघाली आणि पृथ्वीला वळसा घालून 29 मे 2025 ला परतली. बोटीवर दोघीच होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए.

बोट मात्र नवी नव्हती. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ही 17 मीटरची बोट 2017 मध्येच नौदलात आली. त्यानंतर सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन तिने जगाची एक फेरी पूर्णही केली होती.

जानेवारी 2025 मध्ये ती पॅसिफिकमधल्या ‘पॉइंट निमो’जवळून गेली. तिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे 2,700 किलोमीटर लांब आहे. जळगावहून रेल्वेने दिल्लीला जाऊन परत आलात, तरी एवढं अंतर होत नाही. तिथे काही तुटलं तर मिस्त्री येणार नाही. म्हणून अशा बोटीचं खरं काम निघण्याआधी, किनाऱ्यावर होतं.

आपल्याकडे त्यासाठी उन्हाळा का? जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळतो, म्हणून त्याआधी बोटी बाहेर काढतात. शिवाय कोरडं, उबदार हवामान लागतंच. जळगाव-धुळ्याला समुद्र नाही, पण यातल्या बऱ्याच गोष्टी इथे ओळखीच्या आहेत.

पाण्याखाली काय बिघडतं?

बोट वरून चकाचक दिसते, तेव्हाही तळाला बार्नेकल नावाचे कवचवाले जीव चिकटलेले असतात. त्यांच्यामुळे तळ खरखरीत होतो आणि वेग पडतो. ते खरवडून तांबं असलेला खास रंग द्यावा लागतो. तळ फायबरचा असेल, तर त्यात हळूहळू पाणी मुरून फोड येऊ शकतात. असे फोड घासून उघडायचे आणि तळ पूर्ण वाळू द्यायचा, याला कधी कधी कित्येक आठवडे जातात. ओल आत ठेवून वर लेप दिला, तर काही महिन्यांत फोड पुन्हा हजर.

हा लेप म्हणजे इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा पदार्थ. थंडीत तो नीट धरत नाही. पण फार उष्णताही चालत नाही. ढोबळ हिशेब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं, की काम करायला मिळणारा वेळ निम्मा होतो. जळगावच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत तो डब्यातच दगड होईल! त्यामुळे कडक उन्हाळ्यात असं काम सकाळी लवकर उरकलेलं बरं.

सुकाणू आणि पंख्याजवळ झिंकचे तुकडे बसवतात. खाऱ्या पाण्यात आधी झिंक झिजतं, महागडा धातू वाचतो. गिझरमधला अ‍ॅनोड रॉड हेच करतो. बोअरच्या पाण्यावर गिझर चालवणाऱ्यांना तो बदलण्याचा खर्च चांगलाच माहीत असेल. झिंकचा तुकडा निम्मा झिजला, की बदलायचा.

आणि वर?

शिडाचा मोठा शत्रू ऊन. केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, कारण त्यातलं कार्बन अतिनील किरणांपासून प्लास्टिक वाचवतं. पांढऱ्या शिडाला ते संरक्षण नसतं. कापडाआधी शिवणीचा दोरा कुजतो. म्हणून उन्हाळ्यात शिडं उतरवून शिवण तपासतात, आणि गुंडाळल्यावर उघड्या राहणाऱ्या कडेला जाड कापडाची पट्टी लावतात.

डोलकाठी पोलादी दोरांनी ताणून उभी असते. दोराच्या टोकाला, जोडापाशी, केसाएवढी भेग पडते आणि ती सहज दिसत नाही. म्हणून साधारण दहा वर्षांनी हे दोर, चांगले दिसत असले तरी, बदलतात. पैसे वाया गेल्यासारखं वाटतं खरं. पण एक दोर तुटला, तर 25 मीटरची काठी खाली येऊ शकते.

नवीन गोष्टी बसवायच्या तर तेही याच दिवसांत. सोलर पॅनल, लिथियम बॅटरी, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. मात्र पॅनल तापलं की वीज कमी देतं, हे सौर पंप वापरणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्यामुळे त्याच्याखाली हवा खेळायला जागा ठेवतात.

एकदाच करून भागतं का?

नाही. ‘तारिणी’ ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला आणि न्यूझीलंडमधल्या लिटलटनला थांबली, ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. आपल्याकडे तेव्हा हिवाळा, पण दक्षिण गोलार्धात वसंत संपून उन्हाळा सुरू होत असतो. पुढच्या केप हॉर्नच्या वादळी टप्प्याआधी तपासणीची ही शेवटची मोठी संधी.

एवढं करूनही समुद्र कसर काढतोच. पहिल्या फेरीत, एप्रिल 2018 मध्ये, घर अवघ्या काही आठवड्यांवर असताना ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसला आधी न ठरलेला थांबा घ्यावा लागला. बोट गोव्याला पोहोचली ती 21 मेला.